फुकट की विकतचा डेटाबेस?

प्रश्न : आमच्या द्राक्ष पॅकहाउसचा हिशेब एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीवर चालतो. आता जागा भरली. विकतची आवृत्ती घ्यावी की पोस्टग्रेस?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : आधी एक्सप्रेसची १० जीबीची मर्यादा कशाने भरली ते पाहा. पेटीमागे एक नोंद धरली, तरी नुसत्या आकड्यांनी एवढी जागा सहसा भरत नाही. बहुधा बिलांचे स्कॅन आणि मालाचे फोटो डेटाबेसमध्येच कोंबलेले असतात. ते फोल्डरमध्ये हलवून डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता ठेवा. शिवाय २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये ही मर्यादा ५० जीबी आहे. म्हणजे आज खिशात हात घालायची गरजच नाही.

पोस्टग्रेस फुकट आहे, स्थलांतर नाही. तुमच्या प्रणालीतल्या स्टोअर्ड प्रोसिजर एसक्यूएल सर्व्हरच्या टी-एसक्यूएल भाषेत असणार. त्या नव्याने लिहून तपासाव्या लागतील आणि ऐन हंगामात तो खर्च परवान्यापेक्षा जड जाईल. मात्र नवी प्रणाली बांधून घेणार असाल, तर मी बेलाशक पोस्टग्रेस सुचवेन. ‘फुकटाला वाली कोण?’ ही शंका इथे टिकत नाही. १९८६ मध्ये बर्कलेत सुरू झालेला हा प्रकल्प कुणा एका कंपनीचा नाही, आणि पैसे मोजून सेवा हवीच असेल तर ती देणाऱ्या एंटरप्राइजडीबीचे कार्यालय पुण्यातच आहे. निवड कोणतीही करा, बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नका.