एजंटचा भाव आणि दस्तातला भाव

बाणेर-बालेवाडीत मोठा फ्लॅट बघायला निघालेल्या प्रत्येकाला मी आता आधी एकच विचारते: त्याच इमारतीतले आधीचे दस्त कितीला झाले, ते बघितलंत का?

आम्ही बाणेरला चार बेडरूमचं घर शोधत होतो. सॅम्पल फ्लॅट देखणा होता. एजंट म्हणाला, "ताई, वरच्या मजल्यावरचा असाच फ्लॅट गेल्या महिन्यात सव्वातीन कोटींना गेला. आजच टोकन टाका, सोमवारी भाव वाढतोय." माझे दीर म्हणाले, "वहिनी, दोन दिवस थांबा, आधी इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघू." नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च फुकट करता येतं. पुणे जिल्हा, हवेली तालुका, गाव बाणेर, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला, तसे त्या टॉवरचे दस्त एकाखाली एक दिसू लागले. सव्वातीन कोटींचा तो फ्लॅट दोन पार्किंगसकट २ कोटी ८० लाखांना नोंदलेला होता! छापील कागद समोर ठेवला आणि एजंटचा सूर उतरला.

इंडेक्स टूवर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे असतात. दुसरा रेडी रेकनरचा, मुद्रांक शुल्कासाठी धरलेला. सौदा कितीला झाला ते पहिल्यात कळतं. एका दस्तावर विसंबू नका, गेल्या सहा-आठ महिन्यांतले चार-पाच तरी काढा. त्यांतून भाव चढतोय की नुसता बोलला जातोय, हे लगेच उमगतं.

क्षेत्रफळाचंही तसंच. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला, विक्री कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच करायची. तरी बोलताना 'सेलेबल', म्हणजे जिने-लॉबीसारखी सामायिक जागा मिळवून फुगवलेलं क्षेत्रफळ, अजून चालतं. ३ कोटींचा फ्लॅट २,००० फूट सेलेबल म्हणून सांगितला, तर भाव फुटाला १५ हजार वाटतो. कार्पेट १,४५० फूट निघालं की तोच भाव वीस हजारांच्या वर जातो. दोन इमारतींची तुलना कार्पेटवरच करा.

वरच्या खर्चाने तर अनेकांचं बजेट कोलमडताना मी पाहिलंय. बांधकाम चालू असेल तर ३ कोटींवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५ लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २१ लाख. शिवाय नोंदणी फी ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. या भावात ते ३ लाख होतात, सोडू नका.

'हिल व्ह्यू'साठी जादा पैसे मागतात, तेव्हा माझा जीव तुटतो. टेकडीवर बांधकाम होणार नाही असं मानलं, तरी तुमच्या बाल्कनीच्या आणि टेकडीच्या मधला प्लॉट कुणाचा? विकास आराखड्यात तो निवासी असेल, तर तिथे उद्या टॉवर येऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या हॉलसमोर आज समोरच्यांची किचनं आहेत.

टोकन द्यायचंच तर चेकने द्या. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे ठामपणे सांगा आणि सौदा फिसकटला तर पैसे किती दिवसांत परत देणार, ते पावतीवर त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.