मुद्दा सिद्ध कसा करावा?
एका विद्यार्थी-निबंधाचा अभ्यास

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या निबंधांत माहितीची वानवा सहसा नसते. ग्रंथांतील उतारे असतात, आकडे असतात, थोरांची वचनेही असतात. वानवा असते ती लेखकाच्या स्वतःच्या प्रतिपादनाची. पंधरा पाने वाचून झाली तरी विद्यार्थ्याला नेमके काय सिद्ध करावयाचे होते, याचा परीक्षकास उलगडा होत नाही. अशा वेळी नियमांची यादी हाती देण्यापेक्षा एखादा उत्तम निबंध वर्गात उलगडून दाखविणे अधिक फलदायी ठरते. तसा एक निबंध महाराष्ट्राला घरचा आहे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा व भाषणांचा जो पहिला खंड प्रकाशित केला, त्यातही तो समाविष्ट आहे. जातीचे चटके ज्याने बालपणापासून सोसले, त्यानेच हा विषय निवडला होता. तथापि स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगांचे वर्णन या निबंधात नाही. श्रोत्यांची सहानुभूती मिळविण्याऐवजी त्यांची बुद्धी जिंकावी, हाच मार्ग लेखकाने पत्करला.

प्रारंभी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या चार अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या मांडल्या आहेत. विद्यार्थी सामान्यतः अशा व्याख्या एकापुढे एक लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. येथे प्रत्येक व्याख्या पारखली जाते. विटाळाची कल्पना हे जातीचे मूळ लक्षण नव्हे. जातीला धर्माचा रंग चढला म्हणून ती तिला चिकटली. परजातीयांशी रोटीव्यवहार नसणे हा जातीचा परिणाम आहे, नेसफील्ड यांनी तो कारण म्हणून धरला. डॉ. केतकरांविषयी लेखकाला विशेष आदर आहे व तो त्याने मोकळेपणाने व्यक्त केला आहे. केतकरांनी दोन लक्षणे सांगितली: जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेरील विवाहास बंदी. बाबासाहेबांच्या मते ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह करू दिला नाही, की सभासदत्व आपोआपच जन्माने मिळणार! आदर राखूनही मतभेद कसा नोंदवावा, याचा हा धडा आहे.

या छाननीतून एकच लक्षण शिल्लक उरते, ते म्हणजे अंतर्विवाह. निबंधाचा सारा डोलारा या एका विधानावर उभा आहे. ज्या निबंधाचे प्रतिपादन असे एका वाक्यात सांगता येत नाही, त्याच्या लेखकाला ते अद्याप सापडलेले नाही, असे समजण्यास हरकत नाही. विधान मांडताच त्यावरील आक्षेपही लेखक स्वतःच उपस्थित करतो. अमेरिकेतही गोरे, निग्रो व रेड इंडियन हे आपापल्या गटातच विवाह करतात. मग तेथे जाती का नाहीत? त्यावर उत्तर असे की, ते समाज संस्कृतीने परस्परांहून भिन्न होते. भारतात मात्र एकाच संस्कृतीने सांधलेल्या समाजाचे तुकडे पाडले गेले, आणि तेही जेथे गोत्राबाहेर विवाह करण्याचा नियम रूढ होता अशा समाजाचे. अमेरिकन श्रोत्यांच्या मनात हाच प्रश्न प्रथम येणार, हे लेखकाने ओळखले होते.

पुढचा भाग सर्वांत विचारप्रवर्तक आहे. एखाद्या गटाने विवाहाची दारे बंद केली, तर त्या गटात विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समान राहिली पाहिजे. पती वारला की स्त्री 'अतिरिक्त' ठरते, पत्नी वारली की पुरुष. अशा स्त्रीला पतीबरोबर जाळावयाचे अथवा सक्तीच्या वैधव्यात ठेवावयाचे. अशा पुरुषाने ब्रह्मचर्य पाळावयाचे अथवा त्याला अद्याप वयात न आलेली मुलगी वधू म्हणून द्यावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी सुट्या सुट्या नसून एकाच यंत्रणेचे भाग आहेत, असे येथे दिसून येते. केवळ तीन रूढींचे वर्णन करून हे साधले नसते.

जात कोणा एका स्मृतिकाराने लादली, हे मत बाबासाहेबांना मान्य नाही. प्रथम एका वर्गाने, म्हणजे ब्राह्मणांनी, दारे बंद केली. इतरांपैकी काहींनी त्यांचे अनुकरण केले, तर काहींना बहिष्कारामुळे वेगळे व्हावे लागले. अनुकरणाचा सिद्धांत त्यांनी तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाकडून घेतला, पण नाव सांगून ते थांबले नाहीत. अनुकरण खरे असेल, तर ब्राह्मणांना जवळच्या जातींत तिन्ही रूढी आढळाव्यात आणि अंतर वाढेल तशा त्या कमी व्हाव्यात. तशी उतरंड आढळते, असे ते दाखवितात. सिद्धांत असा कसोटीस लावता आला म्हणजेच आधाराला अर्थ येतो.

या निबंधातील उणीवही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. कोणत्या जातीत कोणती रूढी किती प्रमाणात, याचे आकडे या उतरंडीसोबत दिलेले नाहीत. आजचा परीक्षक ते मागेल, आणि तसे मागणे रास्त ठरेल.

गावपातळीवरही ही रीत वापरता येते. 'मुली सातवीनंतर शाळा सोडतात, कारण पालकांना शिक्षणाची आस्था नाही' असे एखादा विद्यार्थी लिहितो. शिक्षकाने विचारावे: त्याच पालकांचे मुलगे शाळेत आहेत काय? आठवीचा वर्ग गावापासून किती दूर आहे? जेथे तो गावातच आहे तेथे गळती कमी आहे काय? शाळेच्या हजेरीपटावरून व सर्वसाधारण रजिस्टरवरून याचे उत्तर मिळू शकते. उत्तर विरुद्ध गेले, तर पहिले वाक्य बदलावे लागेल. बाबासाहेबांनीही आपल्या निबंधाच्या अखेरीस, हा सिद्धांत टिकण्यासारखा नाही असे दिसून आल्यास तो सोडून देण्याची तयारी दर्शविली आहे.