चष्मा लावण्याआधी

पक्षाघात झालेल्या माणसांकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. व्हीआरचा (आभासी दृश्यांचा) हेडसेट, म्हणजे आमच्या भाषेत 'चष्मा', वापरायला लागल्यापासून कळलेल्या या गोष्टी.

१. चष्म्याचा खरा उपयोग म्हणजे हालचालींची संख्या वाढते. अमेरिका-कॅनडातल्या २००९च्या एका पाहणीत थेरपीच्या एका बैठकीत दुबळ्या हाताचा कामाचा सराव सरासरी ३२ वेळाच होताना दिसला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते शेकडो वेळा सराव करून घेतल्यावर. "काका, अजून एकदा" म्हटलं की काका घड्याळाकडे बघतात. तेच काका चष्म्यात वरून पडणारी फळं झेलताना मोजायचंच विसरतात.

२. गुण यंत्र देतं, हात मात्र आपणच बघायचा. खांदा-कोपर न हलवता अख्खं धड पुढे झुकवून फळ झेलणारे बिलंदर पुष्कळ. अशा वेळी मी पाठ खुर्चीला पट्ट्यानं बांधते. गुण घसरतात, कुरकुर होते. होऊ द्यावी.

३. खुर्ची हातांची हवी, चाकांची नको. चष्म्यात खरी जमीन दिसत नाही. मळमळलं की थांबायचं. फिट येतात का, हे आधीच विचारायचं.

४. अर्धांगाला तेल चोळून आलेल्या माणसाच्या हातातून कंट्रोलर सटकतो. पट्टीनं बांधावा.

५. काहींच्या मेंदूला डावी बाजू जाणवतच नाही. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं. चष्म्यात फळं हळूहळू डावीकडे सरकवता येतात, ही मोठी सोय. पण तिथे फळ सापडलं म्हणून ताटातली वाटी सापडेलच असं नाही. म्हणून चष्मा उतरवल्यावर लगेच खरं ताट पुढे ठेवते.

६. "चष्म्यानं हात लवकर सुधारेल ना?" असं घरचे विचारतात. २०१६मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आलेल्या, १४१ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला निन्टेन्डो वी हा व्हिडिओ गेम, तर दुसऱ्याला पत्ते, डॉमिनोसारखे साधे खेळ दिले होते. हाताच्या सुधारणेत फरक दिसला नाही. (ती वी टीव्हीवरची, डोळ्यांवरची नव्हे, पण मुद्दा तोच.) अशा चाचण्यांच्या, 'कॉक्रेन' संस्थेच्या २०१७च्या आढाव्यानेही नेहमीच्या व्यायामाऐवजी नव्हे, तर त्यात भर म्हणून व्हीआर दिल्यास हाताला फायदा दिसतो, असंच म्हटलं. हेडसेट परवडत नसेल त्या घराला मी पत्त्यांचा कॅट घ्यायला सांगते. पिसायचे, वाटायचे दुबळ्या हातानंच, आणि हरलं तरी डाव पुन्हा मांडायचा.