आधी नंबर बंद करा, मग फोन शोधा

फोन जागेवर नाही असे लक्षात आले की आपण पहिल्यांदा काय करतो? शेजारच्याचा फोन मागून घेतो आणि आपल्याच नंबरवर रिंग देत राहतो. घरात उशीखाली राहिलेला फोन अशाने सापडतो. पण तो बाजारात, एसटी स्टँडवर, लोकलमध्ये किंवा यात्रेच्या गर्दीत गेला असेल, तर दोनदा रिंग देऊन थांबा. त्यापुढे जाणारे प्रत्येक मिनिट चोराच्या कामी येते.

हे मी ठामपणे सांगते, कारण मी बँकेत काउंटरवर नोकरी केली आहे. सकाळी फोन गेला आणि दुपारपर्यंत खाते रिकामे झाले, असे खातेदार माझ्यासमोर येऊन बसलेले आहेत. कोणी पेन्शनवर जगणारे, तर कोणाचे उसाचे बिल नुकतेच जमा झालेले. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, "मॅडम, फोनला तर लॉक होते, मग पैसे कसे गेले?"

पैसे फोनमधून जात नाहीत, नंबरमधून जातात. चोर स्क्रीनचे लॉक उघडायच्या खटपटीत पडत नाही. तो सिमकार्ड काढतो आणि स्वतःच्या फोनमध्ये घालतो. आता ओटीपी त्याच्या हातात येतात. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना त्याच सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, तोही जातो. नवा यूपीआय पिन लावायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत संपण्याचा महिना-वर्ष आणि ओटीपी एवढेच अनेकदा पुरते. फोनच्या कव्हरमागे डेबिट कार्ड खोचलेले असेल, तर त्याचे काम झालेच. नंबर ही तिजोरीची किल्ली आहे. फोन फक्त डबा.

माझ्या बाबतीत घडले ते असे

दिवाळीत आम्ही दोघे गावी निघालो होतो. गाडी लागली, दाराशी रेटारेटी झाली आणि आत जागा मिळून बसेपर्यंत माझ्या पर्समधला फोन गेला होता. पर्सची चेन उघडी होती. गाडीतले सगळेच मदतीला धावले. "काकू, रिंग देऊन बघा," "काकू, खाली उतरून शोधा," असे सल्ले सुरू झाले. यजमानांच्या फोनवरून एकदा रिंग दिली, फोन बंद लागला. मी त्याच फोनवरून माझ्या सिम कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला आणि सिम बंद करायला सांगितले. त्यांनी नाव, जन्मतारीख आणि आणखी काही गोष्टी विचारून खात्री केली व तक्रार क्रमांक दिला. तो मी तिकिटाच्या मागे लिहून घेतला.

दुसरा फोन बँकेला केला. डेबिट कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगून त्याचाही तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घेतली. बँकांचा हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. खात्यातला एक पैसाही गेला नाही. गेली ती यूपीआय लाइटमधली थोडी रक्कम. यूपीआय लाइटला पिन लागत नाही, म्हणून त्यात गरजेपुरतेच पैसे ठेवावेत.

बँकेला कळवल्याची वेळ लिहून ठेवण्याला मोठा अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस झाले, तर ठरावीक मर्यादेपर्यंत येते. तुमच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेनेच सोसायचे आहे. म्हणून "उद्या शाखेत जाऊन सांगू" असे म्हणू नये. पैसे गेलेच असतील, तर त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम चोराच्या खात्यातून पुढे जाण्याआधी अडवता आली, तर ती परत मिळण्याची आशा राहते.

पोलिसांत काय सांगावे

फोन नजरचुकीने कुठे राहिला तर ते 'गहाळ', खिशातून काढला तर 'चोरी' आणि हातातून ओढून नेला तर 'हिसकावणे'. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आणि हिसकावण्यासाठी कलम ३०४ आहे. लोकलच्या दारात उभ्या माणसाच्या हातावर फटका मारून फोन पळवणारी टोळी म्हणजे मुंबईकरांची 'फटका गँग', हा गहाळचा प्रकार नव्हे. पोलीस ठाण्यात "गहाळ म्हणून दाखला देतो" असे म्हटले जाते, तेव्हा जे घडले तेच नम्रपणे पण ठामपणे सांगावे. मीही तसेच सांगितले आणि चोरीचीच नोंद झाली. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो आणि त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. रेल्वेत फोन गेला असेल तर १३९ वर कळवावे आणि रेल्वे पोलिसांकडे तक्रार द्यावी.

पोलीस तक्रारीची ही प्रत पुढच्या कामाला लागते. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आणि ॲपवर हरवलेला फोनच बंद करण्याची सोय आहे. या सोयीची सुरुवात २०१९ मध्ये महाराष्ट्रातून झाली आणि मे २०२३ मध्ये ती देशभर खुली झाली. फॉर्ममध्ये फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र द्यावे लागते. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही भरावेत. त्याआधी जुन्याच नंबरचे नवे सिम घ्यावे, कारण ओटीपी त्यावर येतो. मात्र नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागतो. तेवढा धीर धरावा. फॉर्म भरला की विनंती क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा.

त्यानंतर तो फोन भारतातल्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. त्यात कोणी सिम घातले की माहिती पोलिसांपर्यंत जाते. माझा फोन असाच दुसऱ्या जिल्ह्यात सापडला. ज्याच्याकडे होता त्याने तो बिलाशिवाय स्वस्तात विकत घेतला होता. त्याचे पैसेही बुडाले आणि पोलिसांचे हेलपाटेही झाले. म्हणून वापरलेला फोन घेताना बिल मागा आणि त्याचा आयएमईआय क्रमांक संचार साथीवर तपासा. आयएमईआय बदलून देणाऱ्याच्या वाटेला तर जाऊच नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

दूरवरून फोन लॉक करताना

अँड्रॉइडचा फोन गूगलच्या 'फाइंड हब'वरून आणि आयफोन ॲपलच्या 'फाइंड माय'वरून दुसऱ्या फोनवरून लॉक करता येतो. आधी लॉक करा, पुसण्याची घाई करू नका. अँड्रॉइड फोन पुसला की त्याचा ठावठिकाणा दिसणे बंद होते. नकाशावर ठिकाण दिसले तर ते पोलिसांना द्या; एकटे तिथे जाऊ नका. आयफोन तुमच्या ॲपल खात्यातून काढून टाकू नका, कारण खात्याशी जोडलेला असेपर्यंत चोराला तो नव्याने सुरू करता येत नाही.

इथेच दुसरा सापळा असतो. माझा फोन गेल्यावर काही दिवसांनी यजमानांच्या नंबरवर संदेश आला, 'तुमचा हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडा'. तो चोरांच्या साखळीचाच उद्योग होता. लिंक उघडली की खऱ्यासारखे दिसणारे पान पासवर्ड मागते आणि पासवर्ड दिला की उरलेले कुलूपही निघते. फोन सापडल्याचा संदेश आला, तर पोलीस ठाण्यात जाऊनच खात्री करावी.

फोन हातात असतानाची तयारी

आता हे वाचताना फोन तुमच्या हातात आहे, म्हणून खरे काम आत्ताच होऊ शकते. *#०६# दाबा, आयएमईआय दिसेल. तो वहीत लिहा. सिम कंपनीचा आणि बँकेचा मदत क्रमांक त्याच पानावर लिहा आणि घरातल्या दोन माणसांचे नंबर तोंडपाठ करा. गूगल खात्याचे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवा, कारण नव्या फोनवर खाते उघडताना गूगल खात्रीचा संदेश हरवलेल्या फोनवरच पाठवू शकते. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. तो असेल तर नुसत्या ओटीपीवर कोणी तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागू शकणार नाही. आधार, पॅन आणि कार्डांचे फोटो गॅलरीतून काढा. कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिमलाच पिन लावा. ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते आणि फार थोडे लोक ती वापरतात. सिमला पिन असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागते आणि चोराचा पहिला डावच फसतो. सुरुवातीचा पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका; तीनदा चुकला की सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो.

घरात आई-वडील, सासू-सासरे असतील तर त्यांच्या फोनचे हे सगळे तुम्ही शेजारी बसून करून द्या. फोन हरवला तर मुले रागावतील या भीतीने वडीलधारी माणसे गप्प राहतात आणि महत्त्वाचे तास निघून जातात. त्यांना आजच स्पष्ट सांगा, "फोन गेला तर आधी आम्हाला फोन करा, कोणी काही बोलणार नाही." आणि ते वहीचे पान लिहायला उद्याची वाट बघू नका.