शस्त्रवैद्याचा यंत्रहस्त

सुतार वाकस, करवत व रंधा हीं हत्यारें आळीपाळीनें वापरतो. हत्यार बदलतें, पण हात एकच राहतो. शस्त्रक्रियेचें यंत्र कसें घडवावें, या प्रश्नाचें उत्तर या साध्या गोष्टींतच आहे.

इ. स. १९८५ मध्यें अमेरिकेंत, कारखान्यांतील जोडकामासाठीं बनविलेला 'प्यूमा' नांवाचा यांत्रिक बाहु मेंदूंत सुई नेमक्या जागीं नेण्याच्या कामीं लावण्यांत आला. १९९२ सालीं कॅलिफोर्नियांत 'रोबोडॉक' या यंत्रानें खुब्याचा कृत्रिम सांधा बसविण्यासाठीं मांडीच्या हाडांत पोकळी कोरली. काम नेमकें झालें. परंतु पित्ताशयाच्या रोग्यास त्याचा काय उपयोग? प्रत्येक व्याधीसाठीं निराळें यंत्र घेणें कोणत्या रुग्णालयास परवडेल?

म्हणून बाहु तोच ठेवून टोंकाचें हत्यार बदलण्याची युक्ति निघाली. २००० सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेलें 'दा विंची' हें यंत्र या जातीचें होय. त्याच्या बाहूस चिमटा, कात्री किंवा सुई धरणारी पकड लावतां येते. पोटावर लहान छिद्रें पाडून लांब दांड्याचीं हत्यारें आंत घालतात. वल्हें मारतांना हात एकीकडे व पातें दुसरीकडे जातें, तसेंच हातांत धरलेल्या अशा हत्याराचें होतें. यंत्रांतील संगणक ही उलटापालट दूर करतो, हाताचा कंप गाळतो आणि हात तीन इंच हलला तरी टोंक एकच इंच हलेल अशी योजना करूं शकतो. छिद्रापाशीं मात्र दांडा जागचा सरकतां कामा नये. नाहींतर रोग्याच्या शरीरास इजा होईल.

शस्त्रवैद्य बाजूस बसून पडद्यावर पाहत हें यंत्र चालवितो. ७ सप्टेंबर २००१ रोजीं डॉ. जाक मारेस्को यांनीं न्यूयॉर्कमध्यें बसून 'झ्यूस' या यंत्राच्या द्वारें फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील एका स्त्रीचें पित्ताशय काढलें. तरीहि रोग्याजवळ दुसरे शस्त्रवैद्य सज्ज होतेच.

धागा किती ताणला हें बोटांस कळतें. पहिल्या 'दा विंची' यंत्रांत ही जाणीव नव्हती. २०२४ सालीं मान्यता मिळालेल्या 'दा विंची ५' मध्यें ती देणारीं हत्यारें आलीं. परंतु कोणतें हत्यार घ्यावें व कोठें थांबावें, हें शस्त्रवैद्यासच ठरवावें लागतें. म्हणून तुमच्यापैकीं जो यंत्रें घडवूं इच्छितो, त्यानें शरीरशास्त्रहि शिकावें. कारण त्याच्या यंत्राखालीं लांकूड नव्हे, जिवंत मनुष्य असेल.