जुने पोस्टर आणि खालची बारीक ओळ

मंडळी, पूर्वी जत्रेत तंबूचा सिनेमा येत असे. तुमच्यातल्या थोरांना ते आठवत असेल. आम्हांला तर चांगले आठवते. दुपारी गावातून एक ढकलगाडी फिरे. गाडीच्या दोन्ही अंगांना फळ्या आणि फळ्यांवर मोठाले रंगीत कागद. पुढे हलगी वाजे. गाडी ढकलणाऱ्या गृहस्थांना सारा गाव ‘पोस्टरवाले काका’ म्हणे. आम्ही पोरे त्या गाडीमागे वेशीपर्यंत धावत असू. तिकिटाला पैसा नसला तरी चित्र बघायला पैसा पडत नसे!

तो रंगीत कागद म्हणजे सिनेमाचे पोस्टर. आज पुष्कळ लोक अशी जुनी पोस्टरे हौसेने जमवतात. ही हौस कशी लागते? सुरुवात कशी करावी? कुठे फसायला होते? हे आज पाहू.

या कागदाला मोल का आले?

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट दाखवला. फाळके आपल्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी मूकपट काढले. ते मूळचे चित्रकार, नाटकाचे पडदे रंगवणारे. आपल्या सिनेमांची पोस्टरेही त्यांनी स्वतः रंगवली. १९२४ सालच्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या सिनेमाचे पोस्टर देशातल्या जुन्यात जुन्या पोस्टरांत गणले जाते. मोठे चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीसुद्धा तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच पोट भरले.

आता दुसरी गोष्ट ऐका. आपल्या देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’. तो १९३१ साली मुंबईत लागला. लोकांची झुंबड उडाली. पण आज त्या सिनेमाची एकही प्रत उरलेली नाही. उरले ते काही फोटो आणि जाहिरातीचे छापील कागद. जुन्या मूकपटांचीही हीच गत झाली. हजाराहून जास्त मूकपट निघाले, आणि आज फार थोडे शिल्लक आहेत. सिनेमा गेला, कागद राहिला. म्हणून त्या कागदाला मोल आले.

बरे, कागदही थोडेच राहिले. पोस्टर विकण्यासाठी छापत नसत, भिंतीला चिकटवण्यासाठी छापत. रात्री खळ लावून चिकटवायचे. पुढच्या आठवड्यात त्यावर दुसरे. पावसाळ्यात सगळेच गळून जाई. जे चिकटवायचे राहून गेले तेवढेच वाचले. कुठे थेटराच्या अडगळीत, कुठे पोस्टर लावणाऱ्याच्या घरी माळ्यावर.

काकूंची ट्रंक

आमचे पोस्टरवाले काका वारले. त्यांच्या माळ्यावर एक गठ्ठा होता. काकूंना त्या वेळी अक्षरओळख नव्हती. एक रद्दी घेणारा आला. त्याने गठ्ठा उलगडून पाहिला, तागडीत घातला आणि वजनावर नेला. पुढे कोणीतरी सांगितले, की तो गठ्ठा शहरात एकेक कागद करून विकला गेला. काकू म्हणाल्या, “मला काय ठावं? मी म्हटलं, उंदरं खात्यात, जाऊ द्या.”

पुढे काकू आमच्या साक्षरता वर्गात येऊ लागल्या. वय साठीच्या पुढे, पण एक दिवस चुकल्या नाहीत. एकदा त्या एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी तो अंथरलेला होता.

“गुरुजी, यावरचं मी वाचलं,” त्या म्हणाल्या. मग बोट ठेवून त्यांनी वाचले, “पिं-ज-रा.” तो व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा सिनेमा. मग बोट खाली खाली गेले. अगदी तळाशी बारीक अक्षरांची एक ओळ होती. आम्हांला चष्म्याशिवाय दिसेना. काकूंनी ती अक्षर लावून लावून वाचली. ते एका छापखान्याचे नाव होते आणि पुढे मुंबई.

आम्ही म्हणालो, “काकू, ही ओळ फार कामाची आहे हो.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या गठ्ठ्यावर पण असंल न्हवं?”

आम्ही काय उत्तर देणार?

सुरुवात कशी करावी?

पहिली गोष्ट, घर शोधा. माळा, ट्रंक, कपाटाचा तळ, देवाच्या तसबिरीची मागची बाजू. जुन्या लोकांना विचारा, “तंबूत काम कोण करायचं? थेटरात कोण होतं?” पुष्कळांचा संग्रह अशा एकाच कागदापासून सुरू झाला आहे. त्याला पैसा लागला नाही.

दुसरी गोष्ट, एक धागा धरा. सगळेच जमवू म्हटले तर काहीच जमत नाही. कोणी फक्त तमाशापट जमवतो. कोणी संतांचे सिनेमे, कोणी दादा कोंडके. जे आवडते ते धरावे. भाव वाढेल म्हणून जमवू नये. भाव चढतो तसा पडतोही. काही दुर्मिळ पोस्टरांना मोठी किंमत येते हे खरे, पण बहुतेकांना येत नाही. कर्ज काढून, बियाण्याचे पैसे मोडून ही हौस करायची नाही. ते शहाणपण नव्हे.

तिसरी गोष्ट, लहान वस्तूंपासून आरंभ करा. पूर्वी थेटराबाहेर सिनेमाच्या गाण्यांची चोपडी मिळे. थेटराच्या दारात सिनेमाचे फोटो लावत. या वस्तू पोस्टराहून सहसा स्वस्त पडतात आणि जागाही कमी घेतात.

चौथी गोष्ट, आधी डोळ्यांनी खूप पाहा, मग हाताने घ्या. पुण्यात १९६४ साली सरकारने राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. तिथे जुने सिनेमे आणि पोस्टरे जपतात. मुंबईत पेडर रोडवर २०१९ साली भारतीय सिनेमाचे संग्रहालय उघडले. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुनी पोस्टरे विकतात. तिथे पहिल्या दिवशी खिसा घट्ट धरूनच फिरावे. भाव विचारावा आणि पुढे जावे.

खरे कोणते, नक्कल कोणती?

जुन्या पोस्टरांच्या आज नकला निघतात. नक्कल म्हणून विकली तर त्यात गैर नाही. पण नक्कल अस्सल म्हणून विकली तर ती फसवणूक होय. चहाचे पाणी लावून नवा कागद जुना करणारेही असतात. म्हणून चार गोष्टी पाहाव्यात.

१. कागद. जुना कागद बहुधा पातळ असतो. पोस्टरे घड्या घालून गावोगाव पाठवत, म्हणून घडीच्या खुणा असतात. कागद जाड, गुळगुळीत, चकचकीत असेल तर संशय घ्यावा.

२. माप. नेहमीचे पोस्टर सुमारे ३० इंच रुंद आणि ४० इंच उंच असे. फारच लहान असेल तर विचारावे, “हे असे का?”

३. रंग. फार जुनी पोस्टरे दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढून छापत. प्रत्येक रंगाचा छाप वेगळा. भिंगातून पाहिले तर रंग दाणेदार दिसतो. नंतरच्या छपाईत ओळीने बारीक ठिपके दिसतात. १९३० सालच्या म्हणून दाखवलेल्या पोस्टरात सगळीकडे असे ठिपके असतील तर सावध व्हा.

४. खालची ओळ. पुष्कळ पोस्टरांवर तळाशी छापखान्याचे नाव आणि गाव असते. सगळ्यांवर असतेच असे नाही. नक्कल काढताना ही ओळही उतरते, पण तिची अक्षरे बहुधा फुगलेली, अंधुक होतात. ज्याला अक्षर येते त्यालाच अंधुक अक्षर खटकते. ज्याला येत नाही, त्याला दोन्ही सारखीच.

आणखी एक. चाललेला सिनेमा काही वर्षांनी पुन्हा लावत. तेव्हा नवी पोस्टरे छापत. तीही अस्सलच, पण जमवणारे पहिल्या वेळच्या पोस्टराला जास्त मानतात. म्हणून घेताना विचारा, “हे पहिल्या वेळचे की पुन्हा लावले तेव्हाचे?”

जपावे कसे?

आमची एक चूक सांगतो. लहानपणी आम्हांला एक पोस्टर मिळाले होते. आम्ही ते मोठ्या प्रेमाने खळ लावून भिंतीला डकवले. दोन पावसाळ्यांत ओल आली, कसर लागली, पोस्टर गेले. तुम्ही तसे करू नका.

पोस्टर चिकटवू नये. फाटले तर चिकटपट्टी लावू नये, तिचा पिवळा डाग कायमचा बसतो. प्लॅस्टिकमध्ये दाबून घेऊ नये, ते पुन्हा सुटत नाही. ऊन आणि ओल दोन्ही टाळावे. जमेल तर सपाट ठेवावे, नाहीतर सैल गुंडाळी करून स्वच्छ सुती कापडात ठेवावे. पावसाळा संपला की सावलीत उघडून पाहावे. वाळवी, कसर दिसली तर लगेच जागा बदलावी. फार मोलाचा कागद असेल तर दुरुस्ती जाणकाराकडूनच करवावी.

शेवटी काकूंचे

एके दिवशी गावात एक गिऱ्हाईक आले. काकूंच्या कागदाबद्दल त्याने ऐकले होते. तो म्हणाला, “आजी, रद्दीच आहे ही. शंभर रुपये देतो.”

काकूंनी कागद उलगडला. तळाशी बोट ठेवले आणि सगळी ओळ मोठ्याने वाचली. मग विचारले, “रद्दीला शंभर रुपये कोन देतं रं बाबा?”

गिऱ्हाईक हसले आणि निघून गेले. काकूंनी कागद विकला नाही. त्यांचा नातू आता आणखी पोस्टरे शोधतो आहे. त्याच्याकडे पाच झाली आहेत. सर्वांत पहिले अर्थात ट्रंकेतले. गेलेला गठ्ठा काही परत आला नाही. पण मंडळी, जे घरात आहे ते वाचल्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नये, एवढे त्या घराने शिकून घेतले.

विचार करा आणि लिहा

१. चिकटवलेली पोस्टरे का टिकली नाहीत?
२. पोस्टर घेताना कोणत्या चार गोष्टी पाहाव्यात?
३. तुमच्या घरातला एक जुना छापील कागद शोधा. त्याच्या तळाशी काय छापले आहे ते वाचा आणि वहीत उतरवून आणा.