लाइट गेली की पळणारा लॅपटॉप

दिवाळी अंकांचे दिवस होते. साताऱ्यात मी घरीच डीटीपीची कामं करते, आणि सप्टेंबर संपत आला की दोन-तीन अंकांची पानं एकदमच लावायला येतात. नेमक्या त्याच दिवसांत, एका सोमवारी, लॅपटॉप मंदावला. एरवी अर्ध्या मिनिटात सुरू होणारा, त्याला सात-आठ मिनिटं लागू लागली. अक्षर टाइप केलं की पडद्यावर उमटायला दीड-दोन सेकंद. पान सरकवलं की नुसता पांढरा पडदा. आदल्या शनिवारी याच लॅपटॉपवर मी अठ्ठेचाळीस पानं लावून पीडीएफ पाठवली होती.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. डेस्कटॉप आवरला, नको ते प्रोग्राम काढून टाकले, अँटिव्हायरसचा स्कॅन लावला. स्कॅनमुळे होतं तेवढं कामही थांबलं. दोन दिवस असे गेले आणि बुधवारी लॅपटॉप चार्जरसकट दुकानात नेला. तिथल्या मुलाने दोन मिनिटं पाहिलं. "मॅडम, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल, संध्याकाळी घेऊन जा." मग विचारलं, "सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" मी म्हटलं, "नाही, माझं सगळं डीमध्ये असतं." मी धरून चालले की डीला हात लागणार नाही. त्याने धरलं की महत्त्वाचं काहीच नाही. संध्याकाळी लॅपटॉप हातात आला तेव्हा त्यात एकच ड्राइव्ह होता, आणि तो रिकामा होता.

अंकांची पानं जुन्या ईमेलमधून परत मिळाली. ओव्या मात्र गेल्या. २०१९च्या उन्हाळ्यात गावी जाऊन मी आत्याच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, हे वाचल्यापासून वाटत होतं की निदान आपल्या घरातल्या तरी राखाव्यात. त्रेसष्ट ओव्या होत्या. मध्येच खोकला, मध्येच "थांब, पुढचं आठवू दे". आत्या २०२१मध्ये गेली.

आणि एवढं होऊनही लॅपटॉप तसाच. नवंकोरं विंडोज, आत काहीही नाही, तरी तेवढाच मंद.

रविवारी भाचा आला. तो कराडला इंजिनिअरिंगला आहे. त्याने लॅपटॉपला हात लावण्याआधी विचारलं, "मावशी, हा मंदावायच्या आधी काय बदललं होतं?" आठवडाभरात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. मी म्हटलं, काही नाही. मग त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सवर गेला आणि सीपीयूच्या आलेखाखाली बोट ठेवलं. 'स्पीड' ०.३९ गिगाहर्ट्झ. शेजारी 'बेस स्पीड' १.६०. काम पडलं की 'स्पीड'चा आकडा बेसच्याही पुढे जायला हवा. इथे काहीही उघडा, तो ०.३९वरून हलत नव्हता. भाच्याने चार्जरची पिन उपसली. दोन-तीन सेकंदांत आकडा २.८वर गेला. पिन परत लावली, पुन्हा ०.३९.

मंदावण्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, मी नवा चार्जर घेतला होता. मूळ चार्जरची वायर पिनेपाशी तुटली होती, म्हणून बाजारातून साडेचारशेचा आणला. पिन बसली, दिवा लागला, मी निश्चिंत झाले. चार्जर म्हणजे लॅपटॉपचा भाग असं मनातच आलं नाही, म्हणून भाच्यालाही "काही बदललं नाही" असं सांगितलं.

यामागचं कारण मला त्या दिवशी कळलं. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनेत मधोमध सुईसारखी एक बारीक काडी असते. तिच्यातून वीज येत नाही, ओळख येते: मी अमुक वॅटचा आहे. ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप जपून वागतो. चार्जरवर जास्त भार पडू नये म्हणून बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग अगदी तळाला नेऊन ठेवतो. हा निर्णय विंडोजच्याही खालच्या पातळीवर होतो, त्यामुळे विंडोज कितीही वेळा नवं टाकलं तरी फरक पडत नाही.

लॅपटॉप मला हे सांगत होता, हे आठवून आजही जीव तुटतो. सुरू करताना काळ्या पडद्यावर रोज इंग्रजीत दोन ओळी येत होत्या: चार्जर ओळखता येत नाही, यंत्र हळू चालेल. मी घाईत एंटर दाबून पुढे जात होते. बॅटरीच्या चिन्हावर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दिसत होतं, मी समजले बॅटरी म्हातारी झाली. आणि मंगळवारी दुपारी लाइट गेली तेव्हा वीस मिनिटं लॅपटॉप पूर्वीसारखा पळत होता. मला वाटलं, थोडा थंड झाला असेल.

म्हणून सांगते, तुमचा लॅपटॉप एकाएकी मंदावला तर पहिल्यांदा कागद घ्या आणि गेल्या आठ दिवसांत काय बदललं ते लिहा. चार्जर, नवा माउस, एखादा प्रोग्राम, विंडोजचा अपडेट, लॅपटॉप खुर्चीवरून पडणं, सगळं. वर्षभरात हळूहळू मंदावणं वेगळं आणि शनिवारी ठीक असून सोमवारी मंदावणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला बहुधा एकच कारण असतं आणि ते सापडतं.

मग टास्क मॅनेजर उघडा. वेग बेसच्या खूप खाली अडकला असेल तर चार्जर काढून बघा. सुरू केल्या क्षणापासून मंद असेल तर चार्जरचा संशय घ्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं ठीक चालून मग पंखा घोंघावू लागला आणि वेग पडला, तर उष्णता. गादीवर, उशीवर ठेवून काम करत असाल तर खालची हवेची जाळी बंद होते. आत धूळ साचली असेल तर ती जाणकाराकडून साफ करून घ्या. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर ब्राउझरचे टॅब बंद करून बघा. नुकताच अपडेट आला असेल तर रात्रभर चालू ठेवा, सकाळी बहुधा ठीक असतो.

डिस्क सतत १०० टक्के असेल, लॅपटॉप जुना असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर मात्र बाकी सगळं सोडा. स्कॅन नको, डिफ्रॅग नको. डिस्क मरायला टेकलेली असू शकते आणि तुमच्या प्रत्येक प्रयत्नाने तिचं उरलेलं आयुष्य संपतं. आधी महत्त्वाचं सगळं बाहेर कॉपी करा. आणि टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप तेव्हाच बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू नका.

चार्जर घेताना जुन्यावरची अक्षरं वाचा. माझ्या मूळ चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, ६५ वॅट असं होतं. व्होल्ट तेवढाच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो, आणि तो तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपला ओळख देणारा हवा. टाइप-सी पिनेचा असेल तरी वॅट बघाच. मोबाइलच्या चार्जरवर लॅपटॉप चार्ज होताना दिसला तरी तो पुरेसा असेलच असं नाही.

दुकानात देताना तोंडी बोलणं पुरत नाही, हे मी फार मोठी किंमत देऊन शिकले. पावतीवर लिहून घ्या: कोणत्या ड्राइव्हला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः कॉपी काढूनच लॅपटॉप द्या. पुण्यात डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडेही मी गेले. त्यांनी समजावलं की जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही मजकूर बरेचदा जागेवरच असतो, त्यावर नवं लिहिलं जाईपर्यंत. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी होती. फॉरमॅट होताना विंडोज एसएसडीला सांगतं की ही जागा आता मोकळी, आणि ती आतल्या आत खरोखर पुसली जाते. त्यांनी फी घेतली नाही.

आता माझ्या प्रत्येक कामाच्या तीन प्रती असतात: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, क्लाउडवर. तुमच्या घरातला एखादा आवाज, एखादा फोटो जर एकाच यंत्रात असेल तर आज रात्री त्याची दुसरी प्रत करा. लॅपटॉप ठीक चालत असला तरी करा.

आत्याच्या त्रेसष्ट ओव्यांपैकी अकरा उरल्या आहेत. त्या मी कधीतरी चुलतबहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या, आणि तिने पुसल्या नव्हत्या.